जलाशयाकाठचे मोठे बंगले आणि गावाचा हिशेब

राधानगरी तालुक्यात जलाशयाच्या काठी असलेल्या एका गावातील ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाच्या वरच्या अंगाला, जिथून लक्ष्मी तलावाचे, म्हणजे राधानगरी धरणाच्या जलाशयाचे, पाणी दिसते अशा उतारावर, एक विकासक वीस-बावीस मोठ्या बंगल्यांची योजना आणू पाहतो आहे. काही खातेदारांनी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेतला आहे, काही जण अजून थांबले आहेत. बंगले आले की गावाला चांगले दिवस येतील असे एक गट म्हणतो, तर गाव हातचे जाईल असे दुसरा म्हणतो. विषय ग्रामसभेपुढे येणार आहे, आणि पर्यटनावर उभे राहू पाहणाऱ्या गावाच्या अर्थकारणाचे अशा महागड्या घरांमुळे नेमके काय होते, हे सदस्यांना त्याआधी समजून घ्यायचे आहे.

राधानगरी, भुदरगड, पन्हाळा आणि शाहूवाडी या तालुक्यांतील जमिनींची मूल्यांकने आणि रेखांकने करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे हे उत्तर खरेदीखते आणि सातबारे पाहणाऱ्या माणसाचे आहे, हे लक्षात घेऊन वाचावे. आधी मत सांगतो आणि मग कारणे. बंगला किती मोठा किंवा किती कोटींचा आहे, यावर गावाचे भले-बुरे ठरत नाही. वर्षातल्या किती रात्री त्या बंगल्यात माणसे असतात आणि त्यांच्या खर्चातला किती पैसा गावाच्या वेशीच्या आत राहतो, यावर ते ठरते. आपल्या भागातल्या बहुतेक बंगल्यांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे फारशी समाधानकारक नाहीत. म्हणून सध्याच्या स्वरूपात ही योजना काही घरांना एकदाच मोठी रक्कम देईल आणि बाकीच्या गावाला दरवर्षीचा खर्च देईल, असे मला वाटते. अटी बदलल्या तर हिशेबही बदलेल.

जमिनीच्या पैशापासून सुरुवात करू, कारण गावात सध्या चर्चा त्याचीच असणार. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे थेट शेत घेऊन बंगला बांधणारा गिऱ्हाईक बहुधा जवळचाच असतो : शिरोली किंवा गोकुळ शिरगावचा फौंड्रीवाला, इचलकरंजीचा यंत्रमागधारक, कोल्हापुरातला डॉक्टर किंवा ठेकेदार, ज्याच्या नावावर कुठेतरी वडिलोपार्जित सातबारा आहे. पुण्या-मुंबईची मंडळी विकासकाने बिगरशेती करून घेतलेल्या प्लॉटच्या वाटेने येतात. हा फरक किरकोळ वाटला तरी तुमच्या प्रश्नात तो महत्त्वाचा आहे. कोल्हापूरहून राधानगरी साधारण पंचावन्न किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत जाण्याचे अंतर. शहरातला मालक रविवारी येताना मटण, भाजी, पाण्याच्या बाटल्या, अगदी कोळसासुद्धा गाडीत घालून आणतो, गावातून फार तर भाकरी करायला एखाद्या बाईंना बोलावतो आणि अंधार पडायच्या आत गाडी परत वळवतो. पुण्याचा मालक वर्षातून मोजक्याच वेळा येतो, पण आला की तीन-चार दिवस राहतो आणि त्याला दूध, अंडी, गॅस, प्लंबर सगळे गावातच शोधावे लागते. म्हणजे बंगला एकच असला तरी त्याचा मालक कुठला आहे यावरून गावाला मिळणारा पैसा बदलतो.

जमीन विकून येणारी रक्कम खरोखरच मोठी असते आणि ती घेणाऱ्या कुटुंबाला नावे ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही. शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या पलीकडची ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मत्ता धरली जात नाही, त्यामुळे शेती म्हणून विकलेल्या जमिनीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीच्या शेतातून आयुष्यभर जे मिळणार नाही ते एका खरेदीखतात मिळते. पण हा पैसा गावाला मिळाला असे म्हणणे चुकीचे आहे; तो गावातल्या काही खातेदारांना मिळतो. त्यातून सोसायटीचे कर्ज फिटते, मुलीचे लग्न होते, आणि उरलेल्या रकमेचा मोठा भाग कोल्हापुरात फुलेवाडी किंवा कळंब्याच्या बाजूला फ्लॅट घेण्यात जातो. गावात दुकान, गोठा किंवा राहण्याच्या खोल्या उभ्या करण्यासाठी जमिनीचा पैसा वापरला गेल्याची उदाहरणे आहेत, पण ती बोटावर मोजण्याइतकी. ग्रामपंचायतीच्या तिजोरीचे बोलायचे तर खरेदीच्या वेळी मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का अधिभार घेतला जातो आणि त्याचा निम्मा वाटा ग्रामपंचायतीकडे येणे अपेक्षित असते. पन्नास लाखांच्या व्यवहारात तो पंचवीस हजार रुपये होतो, आणि तोही एकदाच.

ज्यांनी जमीन विकली नाही त्यांच्यावर या व्यवहारांचा होणारा परिणाम मात्र एकदाच होऊन थांबत नाही. एका गटाला चढा भाव मिळाला की शेजारच्या दहा गटांतले जुने, मिटलेले वाद पुन्हा उकरले जातात. वीस वर्षांपूर्वी तोंडी झालेली वाटणी भावांना मान्य राहत नाही, बहिणींनी पूर्वी सहज दिलेली हक्कसोडपत्रे कोर्टात आव्हानली जातात, आणि ज्या बांधावरून बैलगाडी सर्रास जात होती त्या बांधाची मोजणी मागवली जाते. गावातच राहणाऱ्या, वेगळे घर बांधू पाहणाऱ्या तरुण जोडप्याला दोन-तीन गुंठ्यांची जागा परवडेनाशी होते, कारण आता त्यांची स्पर्धा फौंड्रीच्या मालकाशी असते. आणखी एक बाब ग्रामसभेत सहसा कोणी मांडत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी आता इमारतीच्या भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि हे मूल्य काढताना शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, दर धरले जातात. चढ्या भावाची खरेदीखते नोंदत गेली की यथावकाश तक्त्यातला दर वाढतो, आणि पुढच्या फेरआकारणीत त्याची झळ कौलारू घरात राहणाऱ्या जुन्या कुटुंबालाही लागू शकते, ज्याचे उत्पन्न एका रुपयानेही वाढलेले नसते. घराची किंमत वाढली याचा उपयोग फक्त घर विकून जाणाऱ्याला होतो. ज्याला तिथेच राहायचे आहे त्याच्या दृष्टीने ही केवळ कर वाढवणारी श्रीमंती आहे.

बांधकामाच्या काळात गावात खरोखर वर्दळ वाढते, हे मान्य केले पाहिजे. दसऱ्यानंतर काम सुरू होते आणि मृगाच्या आधी छत बंद करण्याची घाई असते. त्या सात-आठ महिन्यांत जांभ्याची चिरे-वाहतूक, पाण्याचे टँकर, जेसीबीचे तास, मजुरांची राहण्या-जेवणाची सोय यांतून गावातल्या अनेकांना चार पैसे मिळतात. परंतु कोट्यवधींच्या बंगल्याच्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, फरशी, खिडक्या, विजेचे साहित्य, फर्निचर आणि वास्तुविशारदाचे शुल्क हा भाग मोठा असतो आणि तो जवळजवळ पूर्ण कोल्हापूर, पुणे किंवा त्याहून लांब जातो. कुशल गवंडी आणि सुतारही बहुधा बाहेरचेच असतात. धोका वेगळाच आहे : बांधकाम जोरात असताना गावातले दोन-तीन तरुण कर्ज काढून ट्रॅक्टर किंवा जेसीबी घेतात, योजना तीन वर्षांत संपते किंवा मधेच अडते, आणि हप्ते मात्र सात वर्षांचे असतात. पुणे जिल्ह्यात वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभी राहत असताना परिसरातल्या अनेकांनी आपली गणिते त्या एका प्रकल्पावर बांधली होती. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तुमची योजना त्या मानाने नगण्य आकाराची आहे, पण गावाचा रोजगार एकाच विकासकाच्या ताळेबंदावर टांगलेला असणे हा प्रकार दोन्हीकडे सारखाच आहे.

आता दरवर्षीच्या उत्पन्नाकडे येऊ, कारण उत्तराचा गाभा तिथे आहे. उदाहरणापुरते धरू की बावीस बंगले झाले आणि प्रत्येक बंगल्यात वर्षातून पंचवीस रात्री माणसे राहिली. एकूण साडेपाचशे रात्री झाल्या. याउलट गावातल्या दहा घरांनी प्रत्येकी दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या आणि प्रत्येक खोली वर्षातून ऐंशी रात्री भरली, तर सोळाशे रात्री होतात. बंगल्यातल्या एका रात्री माणसे जास्त असतात, हे खरे. पण घरगुती निवासात पाहुण्याचे भाडे, न्याहारी, जेवण, गाईडचे पैसे आणि घरी नेण्यासाठी घेतलेला मध-तांदूळ हे सगळे थेट गावातल्या घरात पडतात, तर बंगल्यात मालक स्वतःच राहत असल्याने भाडे हा प्रकारच नसतो. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावाचे खरे आकडे काढणे अवघड नाही : सध्या तालुक्यात जे बंगले उभे आहेत त्यांच्या राखणदारांना विचारा की गेल्या वर्षी किती वेळा मालक आले आणि किती मुक्काम झाला. महावितरणच्या बिलातले युनिटसुद्धा हेच सांगतात. अनेक बंगल्यांत बिलाचा मुख्य भाग स्थिर आकाराचाच असतो.

नोकऱ्यांबद्दल विकासकाचे माहितीपत्रक प्रत्येक बंगल्यामागे माळी, स्वयंपाकी, राखणदार आणि सफाई कामगार असे चार रोजगार दाखवील. प्रत्यक्षात एक राखणदार तीन-चार बंगले सांभाळतो, माळी आठवड्यातून दोनदा येतो आणि स्वयंपाकाला मालक येतील तेव्हाच बोलावले जाते. ही कामे वाईट नाहीत, पण त्यांवर कुटुंब उभे राहत नाही. आपल्या भागातल्या घरांत खरा भरवशाचा पैसा कोणता, हे गावातल्या कोणत्याही गृहिणीला विचारा. ती दर दहा दिवसांनी येणारे दुधाचे बिल सांगेल. म्हशी चरायला जाण्याची वाट, पाणवठा आणि वैरणीची पड जमीन टिकली तरच ते बिल टिकते. उतारावर बंगल्यांची तारेची कुंपणे आली की आधी ही वाट बंद होते. वहिवाट सातबाऱ्यावर नोंदलेली नसेल तर ती सिद्ध करायला तहसीलदार कार्यालयात चपला झिजवाव्या लागतात, आणि तोवर घरातल्या दोन म्हशींपैकी एक विकलेली असते. बंगल्यावरच्या अर्धवेळ माळीकामाचा पगार मोजताना हे गेलेले दूध कोणी वजा करत नाही. मला हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात मिळकत कागदावर दिसते आणि नुकसान कुठेच नोंदले जात नाही.

पाण्याच्या काठी राहणाऱ्यांना पाणी कमी पडते, हे शहरातल्या माणसाला पटत नाही. जांभ्याच्या कातळावर पाऊस धो-धो पडतो आणि तितक्याच वेगाने वाहून जातो. एप्रिल-मे मध्ये झरे आटतात आणि विहिरी तळ गाठतात. समोरच्या जलाशयातले पाणी कोणालाही मोटर टाकून उचलता येत नाही, त्यासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते, कारण राधानगरीच्या सुमारे ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यावर खाली भोगावती आणि पंचगंगेच्या काठच्या बंधाऱ्यांची, उसाची आणि गावांच्या पाणी योजनांची गणिते आधीच बांधलेली आहेत. जलजीवन मिशनच्या योजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखल्या जातात. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असा एक पोहण्याचा तलाव भरायला पंचाहत्तर हजार लिटर पाणी लागते. अडीचशे वस्तीच्या वाडीचे हे पाच दिवसांहून अधिक दिवसांचे पाणी झाले. बंगला रिकामा असला तरी हिरवळ आणि तलाव पाणी पीतच राहतात. बंगल्यांनी खोल बोअर मारली आणि खालच्या अंगाची सार्वजनिक विहीर आटली, तर टँकरचा खर्च ग्रामपंचायतीच्या माथी येतो. सांडपाण्याचेही तसेच आहे. उतारावरच्या कातळात शोषखड्डा नीट काम करत नाही, सेप्टिक टँकचे ओघळ पावसाळ्यात सरळ जलाशयात जातात, आणि हेच पाणी पुढे शेकडो गावे पितात.

एक गोष्ट विकासकाच्या छायाचित्रांत हटकून लपलेली असते. हे तळे नैसर्गिक नाही, धरणाचे आहे. ऑगस्टमध्ये स्वयंचलित दरवाजे उघडतात तेव्हा बंगल्याच्या गच्चीवरून जे भरलेले पाणी दिसते, ते सिंचनाची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुरू झाल्या की उतरू लागते आणि मे महिन्यात त्याच गच्चीवरून चिखल, भेगाळलेला गाळ आणि त्यात गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळातली शेती) करणारी माणसे दिसतात. ही गाळपेर जमीन शासनाची असते आणि ती वर्षापुरती कसायला देताना धरणग्रस्तांना प्राधान्य असते. आपल्या बंगल्यासमोर शेजाऱ्याने नांगर धरलेला अनेक मालकांना खपत नाही. मग काठापर्यंत दगडी पायऱ्या, बोटीचा धक्का, कुंपण असे एकेक अतिक्रमण पुढे सरकते. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्याच नातवंडांना पाण्यापर्यंत जायला वाट उरत नाही, हा अन्याय तर आहेच. शिवाय यात मासेमारी, गाळपेर आणि जनावरांचे पाणी असे तीन चालू उत्पन्नाचे मार्ग बंद होतात.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी अनुभवला आहे, आणि तिथला धडा एकतर्फी नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी आणि तळ्याकाठच्या गावांत सुट्टीपुरत्या घरांची संख्या इतकी वाढली की मार्च २०१२ मध्ये तिथल्या नागरिकांनी सार्वमताने मर्यादा घातली : ज्या गावात अशी घरे एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे नवी बांधायची नाहीत. बाजूने पडलेली मते निम्म्याहून थोडीशीच जास्त होती, यावरून किती खल झाला असेल याची कल्पना येते. पुढे अर्थतज्ज्ञांनी परिणाम तपासले तेव्हा असे दिसले की बंदी लागू झालेल्या गावांत स्थानिकांच्या स्वतःच्या घरांच्या किमतीही वाढायच्या मंदावल्या आणि बेरोजगारी वाढली, कारण तिथली कितीतरी कुटुंबे बांधकामावरच जगत होती. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या समुद्राकाठच्या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेऊन नवी घरे फक्त कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत असे ठरवले. तेव्हा श्रीमंतांची मागणी नव्या घरांकडून गावातल्या जुन्या घरांकडे वळली. वेल्सने वेगळा मार्ग घेतला. एप्रिल २०२३ पासून तिथल्या स्थानिक संस्थांना अशा घरांवर नेहमीच्या कराच्या वर आणखी ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. या तिन्ही अनुभवांतून मी एवढेच घेतो की सरसकट बंदीने बांधकामावर अवलंबून असलेल्या गावाचे नुकसान होते, पण ते अवलंबित्व निर्माण होण्याआधीच मर्यादा घातली तर हे नुकसान टळते. तुमचे गाव अजून त्या आधीच्या टप्प्यावर आहे.

आपल्या ग्रामपंचायतीला वेल्ससारखा अधिभार लावण्याचा अधिकार नाही. घर रिकामे आहे म्हणून जास्त घरपट्टी घेता येत नाही. तरीही जे अधिकार आहेत तेही पुरते वापरले जात नाहीत. बंगल्याच्या पूर्ण बांधीव क्षेत्राची नोंद नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, झाली आहे का, आउटहाऊस आणि नोकरांच्या खोल्या त्यात धरल्या का, हे कोणी तपासत नाही. घर राहण्यासाठी आहे की व्यवसायासाठी, यानुसार कराचा भारांक, म्हणजे कर काढताना धरायचा गुणक, वेगळा असतो. मोबाईल ॲपवरून रात्रीच्या भाड्याने दिला जाणारा बंगला हा व्यापारी वापर आहे आणि त्याची आकारणी तशीच व्हायला हवी. पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि सफाई यांचे दर ठरवणे बऱ्याच अंशी ग्रामपंचायतीच्या हातात आहे. या बंगल्यांकडून येणारी घरपट्टी आणि त्यांच्यासाठी करावा लागणारा रस्ता, कचरा आणि पथदिव्यांचा खर्च यांची तुलना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी मांडायला सांगा. मी पाहिलेल्या गावांत घाटरस्त्याची एका पावसाळ्यानंतरची डागडुजीच अनेक वर्षांच्या घरपट्टीला भारी पडते.

मोठ्या घरांमुळे पर्यटनाची प्रतिष्ठा वाढते आणि मग साधे पर्यटकही येतात, असा एक युक्तिवाद आहे. महाबळेश्वर-पाचगणीत तो काही काळ खरा ठरला असेल. २००१ मध्ये तो सगळा परिसर पर्यावरणसंवेदनशील जाहीर करण्याची वेळ का आली, हेही त्यासोबत आठवावे. राधानगरीकडे माणूस बंगले पाहायला येत नाही. ३५१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य, दाजीपूरचे गवे, पावसाळ्यातले धरण आणि मे अखेरीस ते जूनच्या सुरुवातीला पेटणारे काजवे यांसाठी तो येतो. यातले काजवे अंधारावर जगतात. नर काजवा चमकून मादीला खूण करतो, आणि बंगल्याच्या कुंपणावर रात्रभर जळणाऱ्या पांढऱ्या दिव्यांत ती खूण हरवते. काजव्यांच्या दोन-तीन आठवड्यांत गावातल्या खोल्या भरतात, चहाच्या टपऱ्या चालतात आणि पोरांना गाईड म्हणून काम मिळते. मालक नसतानाही सुरक्षेसाठी चालू राहणारे हॅलोजन या हंगामाच्या मुळावर येतात. गव्यांचेही असेच, त्यांच्या पाण्यावर येण्याच्या वाटा कुंपणांनी तुटल्या की ते शेतात उतरतात, आणि नुकसान बंगलेवाल्याच्या हिरवळीचे कमी व तुमच्या भाताचे जास्त होते.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. भुदरगड तालुक्यातले पाटगाव वेदगंगेवरच्या मौनीसागर जलाशयापाशी आहे आणि मधाचे गाव म्हणून त्याची ओळख तयार झाली आहे. तिथे येणारा माणूस मधपेट्या पाहतो, मध विकत घेतो, गावात जेवतो. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही; पावसाळ्यात ये-जा मंदावते आणि चांगल्या खोल्यांची संख्या वाढायला हवी. पण त्या मधाचा पैसा गावातच फिरतो आणि जमीन गावकऱ्यांच्या नावावर राहते. राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि पर्यटन महामंडळाची न्याहारी निवास योजना या दोन्हींखाली शेतकऱ्याला आपल्या घरात किंवा शेतावर पाहुणे ठेवण्याची रीतसर नोंदणी करता येते. विकासकाच्या योजनेशी तुलना करायची असेल तर ती रिकाम्या माळाशी न करता या पर्यायाशी केली पाहिजे.

एवढे लिहिल्यावर बंगल्यांचा मी सरसकट विरोधक आहे असे वाटू शकते. तसे नाही. निवृत्तीनंतर वर्षातले सहा-आठ महिने इथेच राहणारे डॉक्टर दांपत्य, किंवा बंगला स्वतः वापरत नसताना गावातल्या तरुणांच्या गटाला चालवायला देणारा मालक, हे गावाला मिळालेले चांगले शेजारी आहेत. बंद राहणाऱ्या वीस घरांपेक्षा अशी दोन घरे जास्त पैसा फिरवतात. भाड्याने चालणारा बंगला बंद बंगल्यापेक्षा निःसंशय बरा, फक्त त्याची सूत्रे पुण्यातल्या एखाद्या कंपनीकडे असली तर भाड्यातला मोठा वाटा पुन्हा बाहेरच जातो, आणि रात्री दोन वाजेपर्यंतच्या स्पीकरचा त्रास तेवढा गावात राहतो.

आता ग्रामसभेबद्दल. सर्वांत आधी सर्व गट क्रमांक अभयारण्याभोवतीच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्रात येतात का, हे वन विभागाकडून लेखी घ्या, कारण तसे असल्यास परवानगीची वाट पूर्ण बदलते. पश्चिम घाटासाठी केंद्राने जुलै २०२४ मध्ये पुन्हा काढलेल्या मसुदा अधिसूचनेवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातली बांधकामबंदी वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, आणि प्रत्येकी तीन हजार चौरस फुटांचे बावीस बंगले एकत्र केले तरी सुमारे सहा हजार चौरस मीटरच होतात. म्हणजे पर्यावरणाचा मोठा कायदा तुमच्या वतीने येऊन उभा राहणार नाही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला अंतिम परवानगी नसला तरी गावाची नळजोडणी, गायरानातून जाणारा रस्ता आणि कचऱ्याची सोय यांसाठी विकासकाला तुमच्याकडेच यावे लागते, आणि बोलणी करण्याची ताकद तिथे आहे. तरंगत्या आश्वासनांऐवजी लेखी करार मागा : गावाच्या योजनेतून पोहण्याच्या तलावाला पाणी नाही, छतावरचे पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या प्रत्येक बंगल्याला, सामाईक सांडपाणी प्रक्रिया आणि तिच्या देखभालीची ठेव ग्रामपंचायतीच्या नावे, काठापर्यंतची आणि चराईची वाट रेखांकनात सार्वजनिक म्हणून दाखवलेली, बाहेरचे दिवे खाली तोंड केलेले आणि काजव्यांच्या हंगामात बंद, राखण, सफाई आणि भाड्याचे व्यवस्थापन गावातल्या बचत गटाला किंवा सहकारी संस्थेला ठरावीक वर्षांच्या कराराने. बावीसऐवजी आठ बंगले टप्प्याने होऊ देणे आणि पहिल्या टप्प्याचे दोन उन्हाळे पाहून पुढचे ठरवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, आणि विकासकाला हे सर्वांत कमी आवडेल.

ज्यांनी इसार घेतला आहे त्यांनी साठेखत, म्हणजे पुढे होणाऱ्या विक्रीचा करार, वकिलाकडून वाचून घ्यावे. बिगरशेती परवानगी कोणाच्या नावाने आणि कोणाच्या खर्चाने घ्यायची, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे, कारण जमीन तुमच्या नावावर असताना ती बिगरशेती झाली आणि मग विकली गेली तर शेतजमिनीची आयकरातली सवलत हातची जाऊ शकते. जे अजून थांबले आहेत त्यांना विक्रीऐवजी नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा पर्याय विकासकापुढे ठेवता येईल. तो बहुधा नाही म्हणेल, पण रस्त्याला लागून असलेले पाच-दहा गुंठे प्रत्येक कुटुंबाने राखून ठेवायला त्याची परवानगी लागत नाही. उद्या बंगले झाले तर दुकान, खानावळ किंवा पाहुण्यांच्या दोन खोल्या त्याच गुंठ्यांवर उभ्या राहतील, आणि बंगले झाले नाहीत तरी त्या गुंठ्यांचा उपयोग तोच राहील.